चिंपांझीच्या पेशीचं दार आणि आमचा परिचय मेळावा

आमच्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्यात यंदा पंगती उठल्यावर एक ठराव मांडला गेला. नाव नोंदवताना सिकलसेल हा रक्ताचा आजार आणि एचआयव्ही या दोन्हींचे अहवाल अर्जाला जोडायचे आणि अहवालात ‘काही निघालं’ तर त्या मुलाचं किंवा मुलीचं नाव परिचय पुस्तिकेत छापायचं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, मंगल कार्यालयात, त्यावर तासभर खडाजंगी झाली. ठरावाच्या बाजूचे म्हणत होते, बी निवडून पेरतो तशी सोयरीकही निवडूनच करावी. किडकं बी कोणी पेरतं का? पुण्याहून आलेल्या एका हुशार मुलाने त्याही पुढची गोष्ट सांगितली. चीनमध्ये जनुकं कापून एड्स न होणारी मुलं जन्माला घातली आहेत, दहा-वीस वर्षांत आपल्याकडेही हे होईल, तोवर निदान दोष पुढच्या पिढीत जाऊ देऊ नका. विरोधातल्या ज्येष्ठांचं म्हणणं असं, की रक्त ही देवाची करणी, त्यात डॉक्टरांनी हात घालू नये, तपासणीच नको. दोन्ही बाजूंना टाळ्या पडल्या आणि ठराव पुढच्या बैठकीवर गेला. मी २८ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आहे. त्या तासाभरात जीवशास्त्राच्या नावाने जे बोललं गेलं ते तसंच सोडून देणं माझ्याच्याने होणार नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. तपासणी झाली पाहिजे, आणि तिचा निकाल गुप्त राहिला पाहिजे. आजारी माणसाला उपचार मिळाले पाहिजेत, त्यात उद्याचे जनुकीय उपचारही आले. पण रक्ताच्या अहवालावरून माणसांचे ‘निर्दोष’ आणि ‘सदोष’ असे दोन ढीग करणं अन्यायाचं तर आहेच, शिवाय ज्या विज्ञानाचा दाखला देऊन ते केलं जातंय ते विज्ञान नेमकं उलटं सांगतं. जनुक मुळात चांगलं किंवा वाईट नसतं. त्याची गाठ कोणत्या रोगाशी, कोणत्या मुलखात पडते यावर ते ठरतं. आणि साथ येते तेव्हा कळपाला, गावाला किंवा अख्ख्या जातीला तारतं ते एखादं ‘उत्तम’ जनुक नव्हे. सगळे एकसारखे नसतात म्हणून काही जण वाचतात. आफ्रिकेच्या जंगलातल्या माकडांच्या आणि चिंपांझींच्या पेशींत याचा पुरावा आहे. आमच्या कपाशीच्या वावरातही आहे.

ठरावामागची भीती खोटी नाही, हे आधी मान्य करते. गडचिरोली-चंद्रपूरपासून मेळघाटापर्यंत सिकलसेल घराघरांत आहे. ‘एसएस पॅटर्न’ असलेली, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही सिकलसेलचं जनुक मिळाल्याने आजारी असलेली, एक मुलगी माझ्या वर्गात होती. थंडी पडली की तिचे सांधे धरायचे. ती दोन्ही गुडघे ओढणीने आवळून बांधायची आणि तशीच प्रॅक्टिकलला उभी राहायची. हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलवरच्या औषधाची पट्टी तिच्या कंपासपेटीत असे, पेन्सिल आणि खोडरबराच्या शेजारी. तिच्या आईपुढे उभं राहून ‘विविधता ही समाजाची ताकद आहे’ असं म्हणायची माझी छाती नाही. दोन वाहकांचं, म्हणजे हे जनुक एकाच पालकाकडून मिळालेल्या दोघांचं, एकमेकांशी लग्न झालं तर दर गरोदरपणात बाळ एसएस निघण्याची शक्यता चारात एक असते, आणि हे आधी कळण्याचा हक्क प्रत्येक जोडप्याला आहे. म्हणूनच २०२३ मध्ये देशभर सुरू झालेली, २०४७ पर्यंत सिकलसेलच्या निर्मूलनाचं उद्दिष्ट ठेवणारी मोहीम मला मोलाची वाटते. तपासणीच नको म्हणणाऱ्या ज्येष्ठांशीही माझं तितकंच भांडण आहे. ज्या घरात पोर रात्रभर कण्हतं, त्या घराला देवाच्या करणीचा हवाला देऊन काय हाती लागतं?

पण आता ठराव प्रत्यक्षात काय करतो ते बघा. तो वाहकाचं, म्हणजे ‘एएस पॅटर्न’वाल्याचं नाव गाळतो. वाहक हा आजारी माणूस नाही. त्याचं लग्न वाहक नसलेल्या व्यक्तीशी झालं तर सिकलसेलचं एकही मूल जन्माला येत नाही. मग पुस्तिकेतून गाळलेली ही मुलं-मुली जातील कुठे? ती काही जन्मभर बिनलग्नाची राहणार नाहीत. ज्यांना मेळाव्याने दार लावून घेतलं त्यांच्यासाठी सोयरीक उरेल ती त्यांच्यासारख्याच दार लावलेल्यांची. ज्या जोड्या टाळायच्या, नेमक्या त्याच जोड्या हा ठराव जमवून देणार आहे. ग्रीसमध्ये ऑर्कोमेनॉस नावाच्या ठिकाणी हे घडून गेलं आहे. तिथेही सिकलसेल होता, तिथेही लग्नं घरच्यांनी ठरवायची रीत होती. तपासणी झाली, कोण वाहक ते कळलं. काही वर्षांनी अभ्यासक परत गेले तेव्हा वाहकांवर शिक्का बसलेला होता, काहींनी ठरलेली सोयरीक मोडू नये म्हणून निकाल लपवला होता, आणि वाहक-वाहक लग्नं काही कमी झालेली नव्हती. आपण त्याच वाटेने निघालो आहोत.

ठरावातली दुसरी गल्लत याहून खोल आहे. सिकलसेल आई-बापाकडून येतो, एचआयव्ही बाहेरून येतो. एक वारसा, दुसरा संसर्ग. दोन्हींना ‘रक्तातली खोट’ म्हणून एकाच पोत्यात भरलं, की विषाणू लागलेला माणूस वंशानेच बाटलेला ठरतो. विदर्भाने हे एकदा भोगलं आहे. महारोग रक्तातून, घराण्यातून येतो असं मानून किती घरांच्या सोयरिकी तुटल्या! नॉर्वेच्या हॅन्सेनने १८७३ मध्ये त्याचा जंतू दाखवला, तोवर युरोपातले नामवंत डॉक्टरसुद्धा तो आनुवंशिक आहे असंच सांगत होते. जंतू सापडल्यावरही समाजाच्या डोक्यातून रक्त गेलं नाही. वर्ध्याजवळचं दत्तपूर, अमरावतीचं तपोवन, वरोऱ्याचं आनंदवन उभं करावं लागलं ते यामुळेच. आणि औषधाने बरा होणारा हा रोग घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत शाबूत होता. एचआयव्हीच्या बाबतीत कायदा निदान लवकर जागा झाला. २०१७ च्या कायद्याप्रमाणे संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि कोणाला आपला निकाल उघड करायला भाग पाडता येत नाही. आमचा ठराव या कायद्यालाही धरून नाही, पण ती गोष्ट वकिलांनी बोलावी. मला बोलायचं आहे ते पुण्याच्या त्या मुलाने काढलेल्या जनुकाबद्दल, कारण सभेत सर्वांत जास्त वजन त्याच्याच बोलण्याला आलं.

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या घ्यायला जाणाऱ्यांच्या तोंडी एक शब्द हमखास असतो: ‘सीडी-फोर’. माझ्या माहेरच्या नात्यातली एक बाई शिकलेली दुसरीपर्यंत, पण अहवाल हातात आला की पहिला प्रश्न हाच, ‘सीडी-फोर किती आला?’ हा आकडा रोगाशी लढणाऱ्या ज्या पेशींचा, त्यांना ते नाव मिळालं त्यांच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनामुळे. पेशीला बाहेरचे निरोप कळावेत म्हणून असलेली ही जागा, म्हणजे रिसेप्टर. एचआयव्ही आधी याच सीडी-फोरला येऊन चिकटतो, हे १९८४ मध्ये कळलं. पण एवढ्याने त्याला आत शिरता येत नाही. शेजारचा आणखी एक रिसेप्टर लागतो, बहुतेक वेळा सीसीआर-फाइव्ह. तो सापडला १९९६ मध्ये. आपल्या वाड्यांच्या दाराला कडीही असे आणि अडणाही असे, तसंच हे आहे. दोन्ही निघाल्याखेरीज दार उघडत नाही. आणि हे दार सर्व प्राण्यांत, किंबहुना एकाच जातीच्या सर्व प्राण्यांतही, अगदी एकसारखं घडलेलं नसतं.

हा विषाणू माणसाकडे आला चिंपांझींकडून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास, कॅमेरूनच्या आग्नेय भागातून, बहुधा शिकारीच्या रक्तामांसाच्या संपर्कातून. चिंपांझीला तो मिळाला त्याने मारून खाल्लेल्या माकडांकडून. चिंपांझीतला विषाणू वेगवेगळ्या माकडांच्या विषाणूंचे तुकडे जुळून झालेला आहे, आणि त्यातलं एक माकड म्हणजे लाल टोपीचं मँगाबे. (मेळाव्यानंतर एका काकांनी विचारलं, मग आपल्या वावरात धुडगूस घालणाऱ्या वानरांपासूनही धोका आहे काय? नाही. हे विषाणू निसर्गतः फक्त आफ्रिकेतल्या माकडांत सापडतात. वानरं तुरीचं वाटोळं करतात तो राग रास्त आहे, पण एड्सचं पाप त्यांच्या माथी मारू नये.) तेव्हा चिंपांझींचे कळप पिढ्यान् पिढ्या या विषाणूंना सामोरे जात आले आहेत. मग त्यांच्या सीडी-फोरचं काय झालं? २०१९ मध्ये याचं उत्तर प्रसिद्ध झालं. रानातल्या चिंपांझींमध्ये सीडी-फोरची एक-दोन नव्हे, नऊ रूपं सापडली. विषाणू जिथे चिकटतो नेमक्या त्याच टोकावर हे फरक आहेत. एखाद्या रूपात त्या जागी साखरेच्या रेणूंची एक जादा साखळी लटकते. विषाणूच्या अंगावरही तशाच साखळ्या असतात, दोन्ही एकमेकींना अडतात आणि पकड बसत नाही. प्रयोगशाळेत एका चिंपांझीच्या पेशींत सहज शिरणारा विषाणू दुसऱ्याच्या पेशींत शिरूच शकला नाही. यातलं एक रूप जिथे जास्त, तिथे रानातही संसर्ग कमी आढळला.

आता मला सांगा, या नऊंपैकी ‘निर्दोष’ कोणतं? कोणत्या चिंपांझीचं नाव पुस्तिकेत छापायचं? एका विषाणूला जे रूप अडवतं तेच दुसऱ्याला वाट देतं. काही विषाणूंनी तर स्वतःला बदलून यातल्या काही रूपांवर मातही केली आहे. तरीही नऊच्या नऊ टिकून आहेत, कारण एका चिंपांझीत शिरायला शिकलेल्या विषाणूला शेजारच्या चिंपांझीत शिरताना नवी अडचण येते. माणसाच्या सीडी-फोरमध्ये एवढे फरक नाहीत. आपल्याकडे जवळजवळ सगळ्यांची कडी एकाच लोहाराने घडवल्यासारखी आहे. एकाच्या घरात शिरायला शिकलेल्या चोराला सगळं गाव उघडं.

पुण्याच्या त्या मुलाचं खरं म्हणणं होतं सीसीआर-फाइव्हबद्दल, आणि त्यात तथ्य आहे हे कबूल केलं पाहिजे. युरोपातल्या काही लोकांत या जनुकातली ३२ अक्षरं गळालेली असतात. आई आणि बाप दोघांकडूनही असं जनुक मिळालेले लोक तिथे शंभरात एखादा, आणि त्यांना एचआयव्ही सहसा लागत नाही. भारतात हा बदल फार विरळा. २००७ मध्ये बर्लिनमध्ये टिमोथी रे ब्राऊन या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला अशाच एका दात्याच्या मूळपेशी दिल्या आणि त्याचा एचआयव्ही गेला. जगात एचआयव्हीतून पूर्ण बरा झालेला तो पहिला माणूस. २०२० मध्ये तो गेला तो कर्करोगाने. एचआयव्ही परतलेला नव्हता. सीसीआर-फाइव्ह बंद करणारं औषधही २००७ मध्येच आलं. एवढा पुरावा समोर असताना कोणालाही वाटेल, की मग सगळ्यांचाच हा अडणा काढून का टाकू नये? २०१८ मध्ये हे जियानकुई (‘हे’ हे त्याचं आडनाव) या चिनी संशोधकाने तेच केल्याचं जाहीर केलं. बाप एचआयव्हीबाधित असलेल्या जुळ्या मुली भ्रूणावस्थेत असतानाच त्याने त्यांचं सीसीआर-फाइव्ह कापलं होतं.

पण हा प्रयोग निसर्गात आधीच होऊन गेला आहे. लाल टोपीच्या मँगाबेंमध्ये सीसीआर-फाइव्हच्या जनुकातली २४ अक्षरं गळालेली असतात, आणि हा बदल त्यांच्यात एखाद-दुसऱ्यात नाही, बहुसंख्यांत आहे. म्हणजे तो मुलगा जे स्वप्न सांगत होता, अख्ख्या समाजाचं दार सुधारलेलं, ते या माकडांनी प्रत्यक्षात आणलं. विषाणू संपला का? नाही. त्याने सीसीआर-फाइव्ह सोडलं आणि शेजारचा सीसीआर-टू धरला. आजही ती माकडं बाधित आहेत. काजळी मँगाबे हे त्यांचं भावंड; माणसातला एचआयव्ही-टू त्यांच्याकडूनच आला. त्यांच्यातही काहींचं सीसीआर-फाइव्ह निकामी आहे, तरी विषाणू दुसऱ्या दारांनी आत जातोच. आणि तरीसुद्धा या माकडांना एड्स होत नाही. रक्तात विषाणू भरपूर, पण ज्या पेशी गमावल्या की शरीर कोसळतं त्यांच्यावर सीसीआर-फाइव्हच मुळात कमी. त्यांनी विषाणूला हाकलला नाही, त्याच्याशी जुळवून घेतलं. आता हाच विषाणू आपल्या लाल तोंडाच्या माकडांत शिरला तेव्हा काय झालं? १९७८ मध्ये निर्यातबंदी होईपर्यंत ही माकडं भारतातून परदेशी प्रयोगशाळांत जात होती. तिथे मँगाबेंचा विषाणू त्यांना लागला आणि ती एड्सने मेली. एकाच विषाणूचे दोन निकाल, केवळ यजमान बदलल्याने. ‘चांगलं जनुक’ हा शब्दप्रयोग यापुढे कसा टिकतो, ते मला कोणीतरी समजावून सांगावं.

त्या चिनी प्रयोगाबद्दल एवढंच. त्या मुलींत झालेले बदल निसर्गातल्या ३२ अक्षरांच्या बदलासारखे नव्हतेच, ते कसे वागतील ते कोणी तपासलेलं नव्हतं, आणि बाप बाधित असताना मूल निरोगी जन्मावं यासाठी साधे, खात्रीचे मार्ग आधीपासून होते. आपल्याकडे आई बाधित असतानाही गोळ्यांच्या जोरावर निरोगी बाळं जन्मतात. हे जियानकुईला त्याच्याच देशात तीन वर्षांची कैद झाली. शिवाय सीसीआर-फाइव्ह काही एचआयव्हीसाठी ठेवलेली भोकाची जागा नाही, त्याला त्याचं काम आहे. ते नसलेल्यांना वेस्ट नाइल हा डासांमुळे पसरणारा विषाणू लागला तर त्याने मेंदूपर्यंत मजल मारण्याचा धोका वाढतो, असं अमेरिकेतल्या रुग्णांत दिसलं आहे. मेंदूज्वराची धास्ती विदर्भाला कोणी शिकवायला नको. चांदीपुरा विषाणूला नाव मिळालं ते नागपूरकडच्या चांदीपुरा गावावरून, १९६५ मध्ये. युरोपातल्या थंडीत ज्याला वरदान म्हणतात ते आपल्या पावसाळ्यात, आपल्या डासांत, वरदानच राहील याची हमी कोण देणार?

‘बी निवडून पेरावं’ म्हणणाऱ्यांना मी वावरातच घेऊन जाते. बीटी कपाशीच्या पानात जे विषारी प्रथिन असतं ते अळीच्या आतड्यातल्या पेशींवरच्या एका रिसेप्टरला चिकटतं. त्याचं नाव कॅडहेरिन. चिकटलं की पेशी फुटते आणि अळी मरते. आपल्याकडे बीटी २००२ मध्ये आलं, दोन जनुकांचं बीटी २००६ मध्ये. देशी कपाशी मागे पडली आणि देशातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशीवर तीच ती विषं पसरली. गुलाबी अळीच्या झुंडीत मात्र सगळ्या अळ्या सारख्या नव्हत्या. काहींच्या कॅडहेरिनच्या जनुकात आधीच मोडतोड होती. विषाला धरायला जागाच नाही, म्हणून त्या जगल्या आणि वाढल्या. पुढे भारतातल्या अशा अळ्या तपासल्या तेव्हा ही मोडतोड एका नव्हे, अनेक तऱ्हांची निघाली. २०१७ चा हंगाम आमच्या भागात कोणी विसरणार नाही. वावरभर डोमकळ्या, वरून टवटवीत हिरवं बोंड, आणि अंगठ्याने फोडलं की आत सरकीत बसलेली गुलाबी अळी. वेचून आणलेला कापूस कवडी म्हणून बाजूला काढावा लागला. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटीचं पाकीट मिळायचं. ते बांधाच्या कडेने लावायचं होतं, विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही शिल्लक राहाव्यात म्हणून, म्हणजे अळ्यांमधली विविधता टिकवण्यासाठीच. आमच्या घरी ते पाकीट गोठ्याच्या आढ्याला खोचलेलं असे. पेरलं एकाही वर्षी नाही. एकसारखेपणाची किंमत आमच्या घराने क्विंटलमध्ये मोजली आहे.

माझ्याविरुद्ध सर्वांत भक्कम मुद्दा अजून उरला आहे, आणि मेळाव्यात तो कोणीच मांडला नाही. चिंपांझींची ही विविधता आली कुठून? पिढ्यान् पिढ्या मेलेल्या चिंपांझींतून. आणि नऊ रूपं असूनही टांझानियातल्या गोंबेच्या रानात बाधित चिंपांझी लवकर मरतात, हे २००९ मध्ये सिद्ध झालं. निसर्गाची विविधता कळपाला वाचवते, एकेका जिवाची तिला पर्वा नसते. मग माणसाने निसर्गाच्या भरवशावर का बसावं? हा प्रश्न मला पटतो. म्हणूनच मी गोळ्यांच्या, तपासणीच्या, रुग्णाच्या स्वतःच्या पेशी दुरुस्त करणाऱ्या उपचाराच्या बाजूची आहे. असा एक सिकलसेलचा उपचार २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. तो आमच्या ग्रामीण रुग्णालयात कधी पोहोचेल, यावर मेळाव्यांनी ठराव करावेत. पण एका रुग्णाचं दुखणं बरं करणं आणि एका तऱ्हेच्या माणसांना समाजातून गाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात जीव वाचतो. दुसऱ्यात चिंपांझीने मरणातून कमावलेलं आपण फुकट घालवतो, आणि माणसाचा अपमान करतो तो वर.

सिकलसेलचंच घ्या. हे जनुक आपल्या मुलखात एवढं का माजलं? जे. बी. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये अशाच एका रक्ताच्या आजाराबद्दल तर्क मांडला, की हे जनुक मलेरियापासून वाचवत असणार. हेच हाल्डेन पुढे भारतात आले आणि भारतीय नागरिक झाले. १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या वाहकांबाबत ते दाखवून दिलं: वाहकाला जीवघेणा मलेरिया कमी होतो. गडचिरोलीच्या जंगलात हे जनुक टिकलं कारण त्याने पोरं जगवली. आज ज्या मुलीला आपण ‘खोट’ म्हणतो तिच्या पणजोबाला कदाचित त्याच खोटीने तापातून उठवलं असेल. याचा अर्थ ती मलेरियाला पुरून उरते म्हणून लग्नाला लायक आहे, असा नाही. तिची लायकी तिच्या हिमोग्लोबिनवर ठरत नाही. पण तिच्या रक्ताला जे नाव ठेवतात त्यांनी निदान त्या रक्ताचा इतिहास वाचावा.

सक्तीच्या चाळणीचा इतिहासही वाचावा. ‘सुप्रजनन’, म्हणजे माणसांची निवडून पैदास, ही कल्पना १८८३ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ गाल्टनने मांडली तेव्हा तीही बी-बियाण्याच्या आणि जनावरांच्या पैदाशीच्या उपमेवरच उभी होती. पन्नास वर्षांत, १९३३ मध्ये, जर्मनीने आनुवंशिक रोग्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. आपण फार वेगळे होतो असं समजू नये. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानेच सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. ते कायदा झालं नाही ते राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने. त्याच सुमारास अमेरिकेत काळ्या लोकांच्या सिकलसेल तपासण्या सक्तीच्या झाल्या आणि ठणठणीत वाहकांना नोकरी-विम्यात अडवलं गेलं. हवाई दलाच्या अकादमीचं दार त्यांना १९८१ मध्ये उघडलं.

मग करायचं काय? सायप्रसने केलं ते. तिथे थॅलेसेमिया, हाही रक्ताचा आनुवंशिक आजार, घरोघर होता. सत्तरीच्या दशकापासून लग्नाआधी तपासणी सुरू झाली आणि चर्चने लग्नासाठी दाखला मागायला सुरुवात केली. पण त्या दाखल्यावर निकाल नसे. तपासणी झाली आणि योग्य सल्ला मिळाला, एवढंच लिहिलेलं असे. निकाल त्या दोघांपाशी, लग्न करायचं की नाही तेही त्यांच्यापाशी. कोणाचं लग्न अडवलं नाही, आणि तरी थॅलेसेमिया घेऊन जन्मणारी बाळं जवळजवळ थांबली. शिक्का न मारता जे सायप्रसला साधलं ते आपल्या आरोग्य उपकेंद्राला, आशाताईंना आणि समुपदेशकांना हाताशी धरून आपल्याला का साधू नये?

गेल्या आठवड्यात एक बाई घरी आल्या. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी होती. आठवीत असताना शाळेत रक्त तपासलं, नळी गढूळ झाली, मागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या. पुढच्या तपासणीत एएस निघालं. आता ठरत आलेली सोयरीक त्याच कारणावरून मोडली आहे. मुलाकडच्यांनी मुलाची तपासणी केलेलीच नाही. बाईंनी पदराखालून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं सिकलसेलचं कार्ड काढलं आणि म्हणाल्या, ‘‘मॅडम, पोरीचं काय चुकलं? रक्त तं आमचंच हाय. हे कार्डच जाळून टाकू काय?’’ मी त्यांना कार्ड जपून ठेवायला सांगितलं, उद्या तिच्या बाळंतपणात ते डॉक्टरला दाखवावं लागेल. त्या हो म्हणाल्या, पण कार्ड परत पिशवीत घालताना त्यांचे हात थबकले होते.

मेळावा समितीची बैठक पोळा झाल्यावर आहे. अर्जात एकच ओळ वाढवायचा मसुदा मी लिहून ठेवला आहे: ‘लग्नाआधीची तपासणी व समुपदेशन याबद्दल मुलाला व मुलीला माहिती दिली: होय / नाही.’ निकालाचा रकाना त्यात ठेवलेला नाही.